स्मार्ट वजनकाटा: चरबीचा आकडा विसरा, सरासरी धरा

निकाल आधीच सांगून टाकतो, घाईत असणाऱ्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. काटा चांगला आहे. सोबत येणारं ॲप निम्मं कामाचं आणि निम्मं नुसतं दाखवण्यापुरतं. वजन उतरवायला हाच काटा हवा असं काही नाही, कुठलाही चालतो. पण उतरलेलं वजन वर्षानुवर्षं तिथंच ठेवायचं असेल, तर मला याच्याइतकं कामाचं दुसरं काही मिळालेलं नाही. ॲप १३ आकडे दाखवतं. त्यातला एकच मी बघतो.

कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. वर जाड काच, खाली चार पाय, काचेवर धातूच्या चार पट्ट्या आणि मोबाइलशी ब्लूटूथची जोडणी, या वर्णनात बसणारे काटे ढीगभर आहेत. आतला साचा बहुतेकांचा सारखाच. त्यामुळे पुढचं लिहिलेलं त्यातल्या कुठल्याही काट्याला थोड्याफार फरकाने लागू पडावं.

माझी नोकरी कारखान्यात, मोजमापाची उपकरणं तपासण्याची. व्हर्निअर, मायक्रोमीटर, प्रेशर गेज, काटे, सगळं हाताखालून गेलंय. त्या सवयीमुळे घरात मोजणारं कुठलंही यंत्र आलं की वापरण्याआधी मी त्याची परीक्षा घेतो. थर्मामीटरचीही घेतली होती. घरातल्यांनी आता बोलणं सोडून दिलंय.

माझं वजन ९१ किलो होतं, ते ७७ वर आलं आणि काही वर्षं त्याच्याच आसपास आहे. उतरत होतं तेव्हा घरात साधा, सुईचा काटा होता. हा त्यानंतर आला, म्हणजे याचा माझा सगळा अनुभव टिकवण्याच्या काळातला आहे. हे आधी सांगतो, कारण दोन्ही काळांत काट्याकडून हवं असलेलं काम वेगळं असतं. उतरताना काटा शाबासकी देतो. दर आठवड्याला आकडा खाली, ओळखीचे लोक विचारतात, जुने कपडे होऊ लागतात. टिकवताना कालचाच आकडा आज असणं हेच यश, आणि त्याबद्दल पाठ थोपटायला कुणी येत नाही. बहुतेकांचं वजन परत येतं ते या शांत काळात, आणि काट्यावर उभं राहणं आधी बंद होतं ते याच काळात.

यंत्राची परीक्षा

चारही पायांत एकेक लोड सेल आहे. आपण उभे राहिलो की आतली धातूची पट्टी डोळ्यांना दिसणार नाही इतकी वाकते, तिला चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा, म्हणजे ताण ओळखणाऱ्या बारीक तारेचा, विद्युतरोध किंचित बदलतो आणि तो बदल व्हीटस्टन ब्रिज या रोध मोजणाऱ्या जुळणीने पकडला जातो. स्ट्रेन गेज १९३८ पासूनचा, ब्रिजची जुळणी त्याच्याही जवळपास शंभर वर्षं आधीची. मोजण्याचा भाग असा मुरलेला आहे, त्यात नवं काही नाही, आणि तेच बरं.

ओळखीच्या प्रयोगशाळेतून २० किलोची चार प्रमाणित वजनं आणली. मधोमध रचली, काटा म्हणाला ७९.८. काढून पुन्हा ठेवली, ७९.८. तिसऱ्यांदाही तेच. एका कोपऱ्याकडे सरकवून ठेवली तेव्हा ७९.५. म्हणजे काटा २०० ग्रॅम कमी दाखवतो आणि उभं राहण्याची जागा बदलली की आणखी थोडा हलतो. मला चालतं. आमच्या धंद्यात खरेपणा वेगळा आणि सातत्य वेगळं. रोज न चुकता २०० ग्रॅम कमी सांगणारा काटा घरात चालेल. आज १०० कमी आणि उद्या ४०० जास्त सांगणारा चालणार नाही. दवाखान्यातल्या काट्याशी तुमचा आकडा जुळत नसेल तर त्यावर डोकं शिणवू नका. एक काटा, एक जागा, कडक फरशी. गालिच्यावर किंवा रबरी चटईवर ठेवलात तर पाय रुततात आणि आकडा वाटेल तसा फिरतो.

पण तिन्ही वेळा अगदी ७९.८ येणं मला जरा जास्तच गुळगुळीत वाटलं. इतक्या साध्या यंत्रात शेवटचा अंक थोडाफार नाचायला हवा. म्हणून एक खेळ केला. काट्यावर उभा राहिलो, ७७.३०. उतरलो, खिशात मोबाइल टाकला, पुन्हा उभा राहिलो, ७७.३०. मोबाइल २०० ग्रॅमचा आहे, तो गेला कुठे? मग एक जड पिशवी हातात घेऊन उभा राहिलो, ८४ च्या पुढे आकडा आला. पिशवी ठेवली, मोबाइल खिशात तसाच, पुन्हा उभा: ७७.५०. काट्याला आधीचा आकडा आठवतो, आणि नवा आकडा त्याच्या जवळपास आला तर तो सरळ जुनाच दाखवतो. ग्राहकाला वाटतं, वा, काय पक्का काटा आहे! अशी युक्ती घरगुती डिजिटल काट्यांमध्ये सर्रास असते आणि खोक्यावर तिचा उल्लेख नसतो. माझ्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी उणीव, कारण हळूहळू चढणारं वजन नेमकं अशाच छोट्या पायऱ्यांनी चढतं. उपाय सोपा आहे. सकाळी आधी काट्यावर फक्त एका पायाने दाब द्यावा, कुठलातरी वेगळा आकडा येऊ द्यावा, शून्य झालं की मग नीट उभं राहावं.

चरबी, पाणी, हाडं आणि ‘शरीराचं वय’

खोक्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत जे छापलंय ते हे. अनवाणी उभं राहिलं की पट्ट्यांमधून जाणवणारही नाही इतका बारीक विद्युतप्रवाह एका पायातून चढतो आणि दुसऱ्यातून उतरतो. स्नायूंत पाणी जास्त, त्यातून प्रवाह सहज जातो, चरबीत अडतो. इथपर्यंत शास्त्र ठीक आहे. पण पायातून पायात जाणारा प्रवाह पोटापर्यंत नीटसा पोचतच नाही, आणि पोटाची चरबी हीच तर काळजीची. उरलेलं सगळं सूत्र भरून काढतं: उंची, वय, स्त्री की पुरुष, वजन.

ॲपमध्ये जाऊन मी माझं वय वीस वर्षांनी कमी केलं. लगेच पुन्हा उभा राहिलो. त्याच शरीरातली चरबी क्षणात काही टक्क्यांनी उतरली आणि स्नायू वाढले. मग ‘खेळाडू’ असा पर्याय निवडला, आणखी सडपातळ झालो. पाय ओले असताना वेगळं, व्यायामानंतर वेगळं, रात्री वेगळं. हाडांचं वजन मात्र काही केल्या हलत नाही, कारण ते मोजलेलंच नसतं, सूत्राने काढलेलं असतं. काही महिन्यांची दिशा बघायला हा चरबीचा आकडा कदाचित उपयोगी पडेल, रोजच्या बोलण्यात आणण्याच्या लायकीचा नाही. ॲपमध्ये तो लपवण्याची सोय आहे, ती वापरा.

ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी हा प्रवाहाचा भाग वापरू नये, गरोदरपणातही नको. माहितीपत्रकात हे लिहिलेलं असतं, पण इतक्या बारीक टायपात की भिंग घ्यावं लागतं.

एका दिवसाचं वजन म्हणजे काय

इटलीत सँटोरिओ नावाचा एक वैद्य होऊन गेला. त्याने तराजूला खुर्ची टांगली आणि जवळपास तीस वर्षं तो तिच्यात बसून खाणं, पिणं, मलमूत्र आणि स्वतःला तोलत राहिला. १६१४ मध्ये त्याने ते छापलं. आत गेलेलं आणि बाहेर पडलेलं याचा मेळ बसत नाही, बरंच वजन न दिसता त्वचेतून आणि श्वासातून निघून जातं, हे त्याने दाखवलं. चारशे वर्षांपूर्वीचा हा माणूस मला आमच्याच खात्यातला वाटतो.

त्याने जे पाहिलं ते आपल्या काट्यावर रोज दिसतं. जेवणात मीठ जास्त झालं की शरीर पाणी धरून ठेवतं. यकृतात आणि स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठवलेल्या साखरेबरोबर, सुमारे तीन ग्रॅम पाणी बसतं. म्हणून पिष्टमय पदार्थ सोडणाऱ्याचं पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो ‘उतरतं’ आणि दोन जेवणांत परत येतं. स्त्रियांमध्ये पाळीच्या आधी फरक पडतो. पोट साफ झालं की नाही, झोप किती झाली, सगळं आकड्यात उतरतं. एका दिवसात किलो-दीड किलो वरखाली होणं अगदी साधी गोष्ट आहे. आणि एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. एका रात्रीत किलोभर चरबी चढवायची तर नेहमीच्या जेवणावर आणखी तीन-चार दिवसांचं खावं लागेल. तेव्हा सकाळी काटा एकदम किलोने वर गेला तर तो पाण्याचा खेळ आहे.

आठवड्यालाही लय असते. रोज वजन करणाऱ्या लोकांच्या नोंदी तपासून संशोधकांनी दाखवलंय की सुट्टीनंतर, रविवारी-सोमवारी आकडा वर असतो आणि शुक्रवारपर्यंत उतरतो. ज्यांचं वजन दीर्घकाळ कमी होत जातं त्यांच्यातही शनिवार-रविवारची ही उसळी असतेच, फक्त मधल्या दिवसांत ते ती भरून काढतात. माझ्या तक्त्यात हे इतकं स्वच्छ दिसतं की तारखा झाकल्या तरी सोमवार कुठला ते बोट ठेवून सांगता येतं.

इथे ॲप कमी पडतं. उघडल्या-उघडल्या समोर येतो तो रोजच्या ठिपक्यांना जोडणारा आलेख, आणि त्याची उभी मोजपट्टी ॲप स्वतःच ताणतं. त्यामुळे ३०० ग्रॅमची चढण डोंगराच्या कड्यासारखी दिसते. वर एक लाल, रडका चेहरा. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं की हिरवा, हसरा चेहरा आणि ‘अभिनंदन’ असा निरोप. कशाबद्दल, लघवीबद्दल?

सात दिवसांची सरासरी ॲपमध्ये आहे, पण तीन पडदे आत दडलेली. जमेची बाजू अशी की सगळ्या नोंदी फाइल करून बाहेर काढता येतात. मी त्या काढून स्प्रेडशीटमध्ये टाकतो.

कारखान्याचा तक्ता घरात

१९२४ मध्ये वॉल्टर शूहार्ट या अभियंत्याने कंट्रोल चार्ट मांडला. आजही यंत्रशाळेत मशिनशेजारी तो टांगलेला दिसतो. मधे सरासरीची रेघ, वर एक मर्यादा, खाली एक मर्यादा. ठिपके दोन मर्यादांच्या आत नाचत असतील तर तो मशिनचा नेहमीचा स्वभाव; हात लावायचा नाही. ठिपका मर्यादेबाहेर गेला, किंवा ओळीने बरेच ठिपके एकाच बाजूला पडू लागले, तर काहीतरी खरंच बदललंय; तेव्हा मशिन थांबवून कारण शोधायचं. नवा ऑपरेटर हमखास उलटं करतो. प्रत्येक ठिपक्यामागे मशिन जरा इकडे, जरा तिकडे सेट करत बसतो आणि माल आधीपेक्षा जास्त बिघडतो.

वजनाच्या बाबतीत बहुतेक माणसं त्या नव्या ऑपरेटरसारखी वागतात. सोमवारी आकडा ८०० ग्रॅमने वर, म्हणून सोमवारी उपाशी. मंगळवारी पाणी उतरतं, आकडा खाली, म्हणून बुधवारी मोकळं सोडून देतात. उपासमारीला उधळपट्टीचं उत्तर आणि उधळपट्टीला उपासमारीचं. शरीर बिचारं त्याच्या स्वभावाने नाचत होतं, आपणच त्याला ढकलत राहिलो.

म्हणून माझ्या तक्त्यात मधली रेघ ७७ ची आहे आणि ती सात दिवसांच्या सरासरीसाठी. रोजच्या आकड्यावर काहीही करायचं नाही, फक्त लिहायचा. बायको कधी चिडवते, “अहो, काल एवढ्या उशिरा जेवलात, आज काटा रागावला असेल.” मी सांगतो, रागावू दे, त्याचं मत सात दिवसांतून एकदाच धरायचं ठरलंय.

मर्यादा मात्र मी मनाने ठरवल्या नाहीत. अमेरिकेत रेना विंग या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी केली, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. आपलं निदान १० टक्के वजन उतरवून बसलेले ३१४ लोक घेतले आणि १८ महिने त्यांच्यावर नजर ठेवली. त्यांचे तीन गट केले. एकाला नुसती माहितीपत्रकं, बाकी दोन गटांना सिग्नलसारखे तीन पट्टे दिले: चाचणीच्या सुरुवातीच्या वजनापेक्षा सुमारे १.४ किलोपर्यंत वर असाल तर हिरवा, त्यापुढे पिवळा, २.३ किलो किंवा जास्त चढलात तर लाल. पिवळ्यात काय करायचं आणि लाल झाल्यावर काय, हे आधीच ठरवून दिलेलं. ज्यांना फक्त माहितीपत्रकं मिळाली त्यांच्यातल्या ७२ टक्क्यांचं वजन २.३ किलो किंवा त्याहून जास्त परत चढलं. प्रत्यक्ष गटात भेटणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास राहिलं, इंटरनेटवरून भेटणाऱ्यांमध्ये ५५.

या चाचणीतली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. ज्यांना पट्टे आणि कृती शिकवली होती त्यांच्यात रोज वजन करणाऱ्यांचं वजन परत चढण्याचा धोका कमी दिसला. नुसती माहितीपत्रकं मिळालेल्यांमध्ये रोज वजन करण्याचा तसा काही फायदा दिसला नाही. म्हणजे काट्यावर उभं राहणं हा नुसता निरोप. निरोप आल्यावर काय करायचं ते आधी ठरलेलं नसेल, तर कितीही महागडा काटा घ्या, तो तुमचं वजन वाढताना अचूक दाखवत राहील.

माझं ठरलेलं असं. सरासरी ७८.४ ओलांडून गेली की खाण्याची वही पुन्हा सुरू, खाल्ल्यानंतर नव्हे, ताटात वाढल्यावर लगेच लिहायचं. दुसऱ्यांदा वाढून घेणं बंद. रात्रीच्या जेवणानंतर तोंड बंद. पडद्यासमोर बसून काही खायचं नाही. सरासरी परत हिरव्यात आली आणि आठवडाभर तिथं राहिली की वही मिटायची. ७९.३ च्या वर गेली तर वजन उतरवतानाचा सगळा दिनक्रम पुन्हा. पिवळ्यात अनेकदा जाऊन आलोय. प्रवास, लग्नसराई, आजारपण, कारणं नेहमीचीच. लाल पट्ट्यात पोचायची वेळ फार क्वचित येते, कारण दीड किलो उतरवणं हे काम आठवड्यांचं आहे आणि चौदा किलो उतरवणं वर्षाचं, हे एकदा करून बसलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

वहीच का? न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली एक अभ्यास झाला होता. ‘आम्ही अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही’ असं म्हणणाऱ्या लोकांचा खरा आहार आणि त्यांनी सांगितलेला आहार ताडून पाहिला. खाणं सरासरी ४७ टक्क्यांनी कमी सांगितलं गेलं होतं आणि हालचाल ५१ टक्क्यांनी जास्त. ही लबाडी नव्हती. अंदाज करणारं आपलं डोकं हे मुळातच कॅलिब्रेशन न झालेलं, म्हणजे प्रमाणाशी ताडून न बघितलेलं उपकरण आहे.

मेहनत संपत का नाही

‘एकदा सवय लागली की मग सोपं जातं’ असं वजन उतरवलेले बरेच जण सांगतात. माझं मत वेगळं आहे. सवय लागते हे खरं. लंडनमध्ये ९६ लोकांवर झालेल्या एका अभ्यासात एखादी रोजची कृती विचार न करता होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. काट्यावर उभं राहणं ही सोप्या जातीची सवय आहे, उठल्यावर शौचाला जाऊन आलं की पाय आपोआप तिकडे वळतात, पाणीही त्यानंतर. पण भूक ही सवयीचा भाग नाही, तिला तिचं स्वतःचं डोकं आहे.

वजन उतरवलं की शरीराचा खर्च कमी होतो. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांच्या हिशेबानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो आणि भूक मात्र रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. माझ्या चौदा किलोंना हा हिशेब लावून बघा. शरीर रोज मला चांगलं भरपेट एक जादा जेवण मागतंय आणि तेवढं जाळायची त्याची तयारी नाही. २०११ मधल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात वजन उतरवल्यावर वर्षभरानेसुद्धा भुकेची संप्रेरकं मूळ पातळीवर आलेली नव्हती. टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा सरासरी ५८ किलो उतरवलेल्यांनी ४१ किलो परत कमावले होते, आणि विश्रांतीतला खर्च त्यांच्या आकाराच्या माणसाच्या अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी होता. वजन उतरवण्याच्या हल्लीच्या इंजेक्शनांचीही तीच कथा. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आलेला दिसला. औषध थांबलं, भूक परतली.

हे आकडे पाठ झाल्यापासून मला ‘मनोबल नाही’ असं कुणी कुणाला म्हटलं की कसंतरी होतं. ज्यांनी टिकवलंय ते रोज काहीतरी करत असतात, एवढंच. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची एक नोंदवही आहे. निदान १३.६ किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांची नावं तिच्यात आहेत. त्यातले ९० टक्के रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, बहुतेकांचा आवडता व्यायाम चालणं. ७५ टक्के आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. टीव्ही आठवड्याला दहा तासांपेक्षा कमी बघणारे ६२ टक्के. अर्थात या वहीत माणसं आपणहून नाव घालतात, तेव्हा ज्यांना जमलं नाही ते यात नाहीत. तासभर चालूनही वजन परत आलेले किती, ते या वहीतून कळत नाही. तपासनीस म्हणून एवढी खूण करून ठेवतो. पण अनोळखी लोकांचा दिनक्रम आपल्यासारखाच निघाला की जरा बरं वाटतं, हेही तितकंच खरं.

माझं चालणं सकाळी, तासभर. आठवड्यातून दोनदा वजनं उचलतो, कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात आणि ते परत आणायला हाच रस्ता आहे. यात रंजक सांगण्यासारखं काही नाही. कंटाळवाणं आहे. बरेच दिवस असे असतात की निघताना अंगावर येतं आणि परत येतानाही फार उत्साह नसतो. ॲप यासाठी ‘आव्हानं’ आणि पदकं देतं. मी ते निरोप बंद केलेत.

कुणी घेऊ नये

माझ्या मुलीने थोडे दिवस हा काटा वापरला. मग एक दिवस म्हणाली, “बाबा, हा तुमच्या खोलीत ठेवा. सकाळी आकडा वर आला की माझा दिवसच जातो.” सरासरी, मर्यादा, पाणी, सगळं समजावून झालं होतं, तिला ते कळलंही होतं. पण आकडा बघून पोटात खड्डा पडायचा तो पडायचाच. मी काटा त्याच दिवशी उचलला. ज्यांना खाण्याबद्दल धास्ती आहे, ज्यांनी उपासमार किंवा खाऊन उलटी काढण्याच्या चक्रातून वाट काढली आहे, त्यांनी रोज वजन करू नये, आणि घरातल्या उत्साही माणसाने त्यांना आग्रहही करू नये. बायको पहिल्यापासून काट्याच्या वाटेला गेलेली नाही. ती मोजपट्टी वापरते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, महिन्यातून एकदा. तिचं चाललंय उत्तम, आणि मोजपट्टीला बॅटरी लागत नाही असं ती मला ऐकवते.

उलट हृदय कमजोर असलेल्या रुग्णांना डॉक्टर स्वतःच रोज वजन करायला सांगतात, कारण दोन-तीन दिवसांत एकदम चढलेलं वजन म्हणजे अंगात साचलेलं पाणी असू शकतं. त्यांनी सात दिवसांच्या सरासरीची वाट बघायची नाही, डॉक्टरांनी दिलेली मर्यादा ओलांडली की फोन करायचा.

किरकोळ तक्रारी. काटा माणूस ओळखतो तो वजनावरून. धाकटा भाऊ राहायला आला होता, त्याचं वजन माझ्या जवळपासचं. त्याचे सगळे आकडे माझ्या खात्यात जमा झाले आणि ते एकेक करून काढावे लागले. खातं उघडल्याशिवाय ॲप चालत नाही आणि उघडताना जन्मतारखेपासून फोनमधल्या ठिकाणापर्यंत सगळं मागतं; ठिकाण नाकारलं तरी काम अडत नाही, नाकारा. काच ओल्या पायांना घसरते, म्हणून न्हाणीघरात ठेवू नका.

काट्याला पाचपैकी चार, ॲपला दोन. सरासरीचा आलेख पहिल्या पडद्यावर आणला, जुना आकडा आठवून दाखवायची युक्ती बंद करण्याचं बटण दिलं आणि ते चेहरे काढून टाकले तर ॲपलाही चार देईन. आणि एक, बॅटरी बदलल्यावर किंवा काटा जागचा हलवल्यावर येणारा पहिला आकडा नोंदवू नका. एकदा पायाने दाबून सोडा, शून्य येऊ द्या, मग उभे राहा.